नूतनच्या नावाचं सोनं

गोडादरा, सुरत
१२ मे २०२५

ताई,

मायनं मला शपथ घातली ती तुझ्याशी बोलायचं नाही अशी. लिहायचं नाही, असं तिच्या तोंडून आलं नव्हतं. चार वर्षं मी हा फरक जपून ठेवला होता, आज पहिल्यांदा वापरतेय. चुकीचं वाटलं तर पत्र फाडून टाक, मला कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझा पत्ता मार्केटमधल्या स्नेहाकडून मिळाला. माझ्याच टेबलासमोर ती साड्यांची बिलं करते. तिची नणंद तिकडे सचिन गावात, तुमच्याच सोसायटीत राहते. स्नेहानं मागितल्याबरोबर दिला, कशाला हवाय असंही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या घरी चोरी झाली. अखाजीच्या सणाला आम्ही तिघं गावी होतो. शेजारच्या मालतीबाईंचा फोन आला, "हर्षदा, तुमचं कुलूप जोत्यावर पडलंय आणि कडी नुसतीच लोंबतेय. मी आत गेले नाही हां, नंतर माझ्यावर नको." आम्ही मिळेल त्या गाडीनं परत आलो. टीव्ही जागेवर, भांडी जागेवर. मायचं लोखंडी कपाट मात्र पहारीनं उचकटलेलं, आतला चोरकप्पासुद्धा. घरात होतं नव्हतं ते सगळं सोनं गेलं. कुणाला काही इजा नाही, हे आधी लिहायला हवं होतं.

घराचं कर्ज घेतलं तेव्हा बँकेनं एक विम्याची पॉलिसी गळ्यात मारली होती. सही करण्याआधी मी सगळी पानं वाचली म्हणून तिथला माणूस हसला होता. दागिन्यांच्या चौकोनात खूण करायला मीच लावली. त्याचे थोडे पैसे जास्त जातात म्हणून आबा दरवर्षी ऐकवायचे. आता ऐकवत नाहीत. आता म्हणतात, "तू शिकेल शे, तूच देख." मायही तेच म्हणते. तिकडे कंपनीवाले म्हणतात, बेन, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजायला हवं.

तुझ्याकडे एक काम आहे. ते याच पत्रात लिहिणार होते. पण इतक्या वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात काम, हे वाचून बघितलं तर मलाच कसंतरी झालं. पुढच्या पत्रात लिहीन. फक्त एवढं सांगते, पोलिसांच्या कागदात तुझं नाव आलं आहे. दुसऱ्याकडून कळून घाबरू नकोस. आरोपी म्हणून नाही आलेलं.

तुझ्या घरच्यांना काय म्हणायचं ते मला ठरवता आलं नाही. जिजाजी म्हटलं तर आबांना फसवल्यासारखं होतं, भूषण म्हटलं तर तुला. त्यांना नमस्कार.

हर्षू


२६ मे

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, असं लिहिलं असतं, पण ते खरं नाही.

पोलीस ठाण्यात काय झालं ते आधी सांगते, कारण काम त्यातूनच निघालं आहे.

जमादार गुजरातीत लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, काय काय गेलं. आबांना दागिन्यांतलं काही कळत नाही, ते बाकावर बसून राहिले. माय पुढे झाली. आणि तू तिला ओळखतेसच. तिनं वजन सांगितलं नाही, घडण सांगितली नाही. बोटांवर मोजत म्हणाली, "पोत मनी. एकदाणी नूतननी. पाटल्या बी नूतनन्या. झुबा हर्षदाना."

आपल्याकडे सोनं असंच ओळखतात ना. सोनाराच्या दुकानातून घरी येईपर्यंत त्याला नाव लागलेलं असतं. एकदाणी केली तेव्हा तू सातवीत होतीस आणि मी ती गळ्यात घालून बघितली म्हणून मायनं माझा हात धरून उतरवली होती, "नूतननी शे ती." मायच्या दृष्टीनं तिनं नेहमीचंच सांगितलं. दुसरं कसं सांगायचं हे तिला माहीतच नाही. जमादारांनी विचारलं, "नूतन कोण?" माय म्हणाली, मोठी पोर, लग्न झालंय, इथं राहत नाही. त्यांनी तसंच लिहिलं.

आबांनी मान वर केली ती तेव्हा.

तुला माहीत नसेल. तू भूषणसोबत निघून गेलीस त्या महिन्यात आबांनी मायला सांगितलं होतं, तिचं जे काही असेल ते मोड, घराच्या पहिल्या हप्त्यात घाल, तिची कुठलीही वस्तू या घरात नको. माय अमळनेरला हिलाल सोनाराकडे जाऊन आली आणि पैसे आबांच्या हातात ठेवले. आबांनी ते बिल्डरला दिले आणि भाऊबंदांत सांगितलं, तिचं आमच्याकडे काही राहिलं नाही. ते पैसे सोन्याचे नव्हतेच, हे आत्ता कळलं. माय साड्यांना खडे चिकटवायची, त्यातून तिनं भिशी लावली होती. ती तिनं लवकर उचलली आणि पुढची दोन वर्षं भरत बसली. मी रोज तिच्या बोटांवरचा डिंक बघत होते. मला वाटायचं, सवय झालीय, म्हणून काम सोडत नाही.

ठाण्यातून आम्ही घरी आलो. जेवताना आबा म्हणाले, "चार वरीस मना घरमा तिनं सोनं व्हतं?"

माय म्हणाली, "तुमना घरमा नही. मना कपाटमा."

आता काम. पॉलिसीत लिहिलंय की घरमालक आणि त्याच्यासोबत कायम राहणारे कुटुंबीय, एवढ्यांच्याच वस्तूंची भरपाई मिळते. पोलिसांच्या कागदानुसार अर्धं सोनं तुझं आहे, आणि तू इथं राहत नाहीस. म्हणून कंपनीला तुझ्याकडून एक कागद हवा आहे. त्यात काय लिहायचं ते कंपनीचा माणूस येऊन सांगणार आहे. तोवर मी काहीही मागत नाहीये. फक्त कानावर घालून ठेवलं.

हर्षू


१५ जून

ताई,

कंपनीचे सर्व्हेअर येऊन गेले. भूपेंद्रभाई. माणूस वाईट नाही. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायले, मायला चहात साखर कमी घालायला सांगितली, "चामां खांड ओछी, बेन." कपाटाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, पहारीच्या खुणांवर पट्टी धरून बघितली. मग पलंगावर बसले आणि माझ्याकडे वळले.

"चोरी साची छे, एमां मने शंका नथी. पण आ जुओ." पोलिसांच्या कागदावर बोट ठेवलं. "आ नूतनबेन अहीं रहे छे?"

मी म्हटलं, नाही.

"तो एनुं सोनुं एना घेर होवुं जोईए ने?"

माय स्वयंपाकघराच्या दारात होती. तीस वर्षं सुरतेत काढली आहेत तिनं, सगळं समजतं. म्हणाली, "तिना घर कसं जाई? तिले दिधंच कोठे?"

मी ते त्यांना सांगितलं, तर भूपेंद्रभाई एकदम खूश झाले. म्हणाले, मग प्रश्नच नाही. मोठ्या बहिणीकडून लिहून आणा की हे दागिने माझे नाहीत, कधीच माझे नव्हते, माझा त्यावर हक्क नाही, हिस्सा नाही. एवढं दिलंत तर ते तुमच्या आईच्या नावावर धरतो. नाही दिलंत तर मला कापावं लागेल. "मारा हाथमां कंई नथी, बेन."

आबा म्हणाले, "लिहून आणू." माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आण."

भूपेंद्रभाई गेल्यावर मायनं त्यांचा कप उचलला, आणि तिथंच उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चोरस्नी एक डाव नेलं. आते कागदवर तू नेशी?"

तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणजे बोलते, भाजी संपली, गॅस नोंदव, असं.

ताई, मी हे सगळं घाईघाईनं का करतेय ते तुला सांगितलं नाही. माझं लग्न ठरलं आहे. चेतन, नवापूरचा, उधन्याला एका कंपनीत आहे. दिवाळीनंतर. आबांनी त्यांच्याकडे सोन्याचा शब्द दिला आहे आणि तो शब्द त्या कपाटात होता. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मग तुझ्या हक्कावर कुणासाठी पाणी सोडायचं ते तुला लगेच कळलं असतं.

बाकीच्या सोन्याबद्दल मी कंपनीशी भांडतेय. पक्की पावती फक्त माझ्या कानातल्या झुब्यांची आहे, म्हणून बाकी सगळं ते निम्म्यात काढत होते, आणि तेही केलं त्या वर्षाच्या भावानं. पॉलिसीत चोरीच्या दिवसाचा भाव लिहिलेला आहे. मी ते पान दाखवलं. हिलाल सोनारांकडून त्यांच्या दुकानाच्या कागदावर लिहून मागवलं. मामाच्या लग्नातले फोटो दिले, त्यात मायच्या गळ्यात पोत आहे आणि तुझ्या गळ्यात एकदाणी. फोनवर माझा आवाज कापतो, म्हणून मी आधी सगळं लिहून घेते आणि वाचते. भूपेंद्रभाई म्हणाले, "बेन, तमे बोलो छो के वांचो छो?" मी खरं सांगितलं, वाचतेय. ते म्हणाले, मग सावकाश वाचा, मलाही लिहून घ्यायचंय.

मार्केटमध्ये आमच्या शेठच्या ओळखीचे एक वकील येतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, जी वस्तू हातात दिलेलीच नाही ती देणाऱ्याचीच, नाव कुणाचंही घ्या. म्हणजे कायद्यानं एकदाणी आणि पाटल्या मायच्याच. कागदात बेकायदेशीर काही नाही. मी तुला हे पटवण्यासाठी लिहीत नाहीये. मला स्वतःला पटतं का ते बघत होते. "माझ्या हातात कधी आले नाहीत" हे खरं आहे. "कधीच माझे नव्हते" यावर मी अडते.

तरी कागद मागतेच आहे. मजकूर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तुला नको असेल तर नको म्हण. तू नको म्हणालीस तर मला सोपं जाईल, हेही लिहून टाकते.

हर्षू


६ जुलै

ताई,

पाकीट मिळालं. मी ते उलटं करून झटकलं, पुन्हा आत बघितलं. फक्त एक कोरा कागद आणि खाली उजव्या कोपऱ्यात तुझी सही.

मजकुराची चिठ्ठी तू वाचलीस का? वाचूनच कोरा पाठवलास, की न वाचता? मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्हीकडून मला सारखंच वाईट वाटतं. वर काय लिहायचं ते तू ठरव, असंच ना? तूही तेच म्हणालीस, ताई. तू शिकेल शे, तूच देख.

सहीतल्या शेवटच्या "न"ची शेपटी अजून तशीच आहे. आबा रात्रपाळीला असले की माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच सही करायचीस. आबांचं नाव "लोटू" असं लिहायचीस आणि शेवटी तुझी शेपटी यायचीच. वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, तुझ्या वडिलांचं अक्षर वळणदार आहे हं. मी घामाघूम झाले होते.

मी दुसऱ्या कागदावर मजकूर करून बघितला. "हे दागिने माझ्या आईने माझ्यासाठी करून ठेवले होते. ते माझ्या हातात कधी आले नाहीत." दोन्ही वाक्यं खरी आहेत. भूपेंद्रभाईंना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, छान, आता पहिली ओळ काढून टाका.

मी म्हटलं, पण ती खरी आहे.

"बेन, कोण ना पाडे छे? बधुं साचुं लखवानी क्यां जरूर छे?"

खरं सगळंच लिहायची गरज नाही, हे त्यांचं बरोबरच आहे. मी तुला लिहिलेल्या पत्रांतही सगळं कुठं लिहिते. पण पहिली ओळ काढली की दुसरीचा अर्थ बदलतो. आईनं केले आणि तुला मिळाले नाहीत, हे वेगळं. तुझा संबंधच नव्हता, हे वेगळं. आणि खाली सही तुझी.

माझ्या हातून त्या कागदावर काही लिहून होत नाही. पेन घेऊन बसते आणि उठते. नाही लिहिलं तर सोनं कापलं जाणार, आबांचा शब्द अर्धा पडणार, आणि चेतनच्या घरी त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. त्याची आई बोलायला गोड आहे, तीच भीती वाटते.

मी घरी सांगितलं की तुझं उत्तर आलं नाही. हो, मी. देवळात न जाता प्रसाद खाल्ला तरी रडणारी मी. पाकीट माझ्या ऑफिसच्या खणात आहे.

आणि त्यातून आणखी एक झालं. आबा पाळीवरून आले की विचारतात. सुरुवातीला विचारायचे, "कागद उना का?" मी नाही म्हणायचे. आता काही दिवसांपासून विचारतात, "टपाल उनं का?" कागदाचं नावच घेत नाहीत. मी नाही म्हटलं की चप्पल काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावतात.

मी काय करू ते सांग. सांगणार नाहीस, माहीत आहे.

हर्षू


२७ जुलै

ताई,

आबांना कागद दाखवला.

जे झालं तेच लिहिते. वाढवून लिहायला मला येत नाही हे तुला माहीत आहे.

आबांच्या कारखान्यातल्या खात्याला सुट्टी होती. आबा उचकटलेल्या कपाटाचं दार ठोकून सरळ करत बसले होते. मायच्या भाकऱ्या चालल्या होत्या. त्यांनी न बघताच विचारलं, "टपाल?" आणि मला एकदम ते खोटं पुढे नेता येईना. पाकीट पिशवीतच होतं. मी ते त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, तीन आठवडे झाले येऊन, मी लपवलं होतं.

ते रागावले नाहीत. हात शर्टाला पुसले, कागद उघडला. सही बघितली. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मग पाकिटात बोटं घालून बघितलं, मी बघितलं होतं तसंच.

"दुसरं काही नही?"

"नाही."

"मले कसाले काही लिखी ती." हे माझ्याशी बोलले नाहीत, कपाटाच्या दाराशी बोलले.

मग म्हणाले, वर काय लिहायचं होतं ते वाच. मी भूपेंद्रभाईंचा मजकूर वाचला. माझे नाहीत, कधीच माझे नव्हते, हक्क नाही, हिस्सा नाही. भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"हाई तिनं म्हणं शे का?"

"नाही. तिनं फक्त सही केली आहे."

"वाचीसन का तशीच?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. कागदावर काही नव्हतंच, आबा. आपण काहीही लिहिलं तरी चालेल असं तिनं करून ठेवलं आहे.

मला वाटलं आता म्हणतील, मग लिही, बघतेस काय. माझ्या हातात पेन होतं, मी ते घेऊन आले होते हे मलाच तेव्हा कळलं. आबांनी कागदाची होती तशी घडी घातली, खिशात ठेवली आणि माझा फोन मागितला. नंबर मीच लावून दिला.

"भूपेंद्रभाई, लोटूभाई बोलुं छुं, गोडादराथी. मोटी छोकरीनुं सोनुं कापी नाखो."

पलीकडून ते बरंच बोलले. कागद आला नाही का, थोडं थांबू, मी वरती बोलतो, असं काहीतरी असावं. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "नुकसान थशे तो थवा दो. ए एनुं ज छे."

फोन मला परत दिला आणि दार ठोकायला लागले. माय बाहेर आली नाही. भाकरी करपल्याचा वास आला, तो आबांनाही येत होता, तरी ठोकणं चालूच राहिलं.

ताई, यातून तू जास्तीचं काही धरून बसू नकोस म्हणून पुढचंही लिहिते. संध्याकाळी मी विचारलं, लग्नाची पत्रिका तुला पाठवायची का. ते उठून ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. तुझं सोनं तुझं आहे हे त्यांनी कंपनीला सांगितलं. तुला सांगणार नाहीत.

आणि माझं असं झालं आहे की मी सुटले म्हणावं तर सुटले नाही. चेतनला सांगावं लागलं. तो म्हणाला, माझ्यासाठी काही नाही, घरी मी बघतो. त्याच्या आईचा फोन आला, म्हणाली, "असू दे हो, चोरीला कोण काय करणार, बघू." त्या "बघू"वर मी तीन रात्री झोपलेली नाही.

हर्षू


१७ ऑगस्ट

ताई,

कंपनीचं पत्र आलं. बाकीचं सोनं त्यांनी चोरीच्या दिवसाच्या भावानं धरलं, निम्मं काढायचं सोडून दिलं. हिलाल सोनारांचं पत्र आणि मामाच्या लग्नाचे फोटो मान्य झाले. भूपेंद्रभाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, "बेन, आखी फाईल तमे वांची वांचीने पास करावी." मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

पैसे मिळण्याआधी एका कागदावर सही करावी लागते की आमचा हिशेब पूर्ण झाला, आता काही मागणं नाही. आबांनी सही करायला पेन उघडलं तेव्हा मी थांबवलं. तुझ्या दागिन्यांपुढे त्यांनी नुसतं "अमान्य" असं छापलं होतं. अमान्य म्हणजे काय? खोटे? नव्हतेच? मी कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, कारण लिहिलं काय, नाही लिहिलं काय, रक्कम तीच राहणार. मी म्हटलं, रकमेसाठी आले नाही. माझा आवाज कापत होता आणि या वेळी हातात वाचायला काही नव्हतं. त्या म्हणाल्या, लोक कारण काढायला भांडतात, तुम्ही घालायला भांडताय. दोन फेऱ्या झाल्या. शेवटी नवीन पत्र दिलं. त्यात लिहिलं आहे, एकदाणी आणि पाटल्या, ज्येष्ठ विवाहित कन्या नूतन यांच्या मालकीच्या असल्यामुळे वगळण्यात येत आहेत.

विमा लोकपालाकडे गेले असते तर त्याही रकमेसाठी भांडता आलं असतं. वकील म्हणाले, जिंकाल. म्हणजे मी जिंकले असते, तर ते तुझे नव्हते असं ठरलं असतं.

मायला ती ओळ वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला सांगितली. मग कागदावर तुझं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवायला लावलं, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आता ती माझ्याशी बोलते. त्या ओळीची प्रत सोबत पाठवतेय. सोनं नाही पाठवता येत. चोर सापडले नाहीत, सापडतील असं पोलिसांनाही वाटत नाही.

लग्नाची तारीख तीच आहे. सोनं कमी घालायचं ठरलं, चेतनच्या घरून स्पष्ट काही बोलत नाहीत. मी त्या घरी अर्ध्या शब्दावर जाणार आहे आणि तो अर्धा शब्द कधी कोण काढेल याची वाट बघत राहणार आहे. हे लिहायला नको होतं. राहू दे. पत्रिका छापून आल्या आहेत. तुझं नाव त्यात नाही आणि तुला पाठवायची परवानगीही नाही. मी विचारणं सोडलेलं नाही. शपथही अजून आहे, मायनं काढलेली नाही, मीही तिला काढ म्हटलं नाही. म्हणून इतके दिवस तुझा नंबर माझ्याकडे असून फोन केला नाही.

तुझा कोरा कागद परत पाठवायचा विचार होता. वर काही न लिहिता, जसा आला तसा. पण तो आबांच्या खिशातून बँकेच्या पासबुकाच्या कव्हरमध्ये गेला आहे आणि तिथून ते काढून देत नाहीत. मी मागितला तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

काल ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले. आबा दुसरीपर्यंत शिकलेत, तुला माहीत आहे. सहीच्या पुढे त्यांचा हात जात नाही, बोर्ड वाचतात तेही अक्षर अक्षर लावून. त्यांनी चहा घेतला, फुंकर मारली, आणि समोर रस्त्याकडे बघत मला विचारलं, "पत्रमा सगळास्ना आगोदर काय लिखतस?"

मी सांगितलं, ज्याला लिहायचं, त्याचं नाव.

हर्षू